वनांवरील निळसर पटल: कार्बनी वायुकलिलांची घडण

अमेरिकेतील ब्ल्यू रिज पर्वतास त्याचे नाव तेथील वनराजीवर दिसणाऱ्या निळसर पटलावरून मिळाले. अशा पटलांचा उगम झाडांनी हवेत सोडलेल्या बाष्पनशील कार्बनी द्रव्यांत आहे, असे प्रतिपादन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये केले. या द्रव्यांचे ऑक्सिडीभवन होऊन अतिसूक्ष्म कण बनतात व ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. हे अनुमान मूलतः बरोबर ठरले. परंतु वायूचा कण नेमका कसा होतो, हे त्याने उलगडले नाही, आणि रसायनशास्त्राचा खरा प्रश्न तोच आहे.

आल्फा-पायनीनचे उदाहरण घेऊ. टर्पेंटाइनमधील हा प्रमुख घटक होय. २५° से. तापमानास त्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ५ मिमी. असतो. वनातील हवेत त्याचे प्रमाण मात्र एक अब्ज भागांत एक भाग, इतपतच असते. साधा भागाकार केला, तरी संपृक्ततेस हे प्रमाण सुमारे ६० ते ७० लक्ष पटींनी अपुरे पडते, असे दिसेल. तेव्हा संघननासाठी रेणूची बाष्पनशीलता त्याहूनही अधिक पटींनी घटली पाहिजे. रेणूत एक हायड्रॉक्सिल गट शिरला, तर बाष्पदाब अदमासे शंभरपट उतरतो; कार्बॉक्सिल गटाने तो याहूनही घटतो. उलटपक्षी, ऑक्सिडीभवनात कार्बन शृंखला तुटली, तर लहान व अधिक चंचल तुकडे निर्माण होतात.

ओझोन पायनीनच्या द्विबंधावर आघात करतो व वलय उघडते. त्यातून मिळणाऱ्या पिनिक अम्लात दोन कार्बॉक्सिल गट असतात. हे अम्ल आधीच अस्तित्वात असलेल्या कणांत सामावू शकते. पण नुकत्याच जन्मलेल्या, एक-दोन नॅनोमीटर व्यासाच्या कणावर टिकून राहण्याइतके ते अबाष्पनशील नाही, कारण पृष्ठाची वक्रता जितकी तीव्र, तितका बाष्पदाब अधिक. फिनलंडच्या वनांत तर असे नवजात कण वाढताना प्रत्यक्ष आढळत होते!

या कोड्याची उकल २०१४ मध्ये पुढे आली. ओझोनच्या विक्रियेतून उद्भवलेले पेरॉक्सी मूलक आपल्याच रेणूतील हायड्रोजन अणू ओढून घेते. मोकळ्या झालेल्या कार्बनावर हवेतील ऑक्सिजन जडतो, आणि पुन्हा तेच घडते. काही सेकंदांत सात वा अधिक ऑक्सिजन अणू असलेले रेणू तयार होतात. खाद्यतेल खवट होते, ते याच स्वयं-ऑक्सिडीभवनाने. तरी हवेत ते इतक्या त्वरेने चालेल, अशी अपेक्षा नव्हती. नायट्रिक ऑक्साइड विपुल असेल, तर ते पेरॉक्सी मूलकास मध्येच गाठते व ही साखळी खुंटते. शहरातील व अरण्यातील हवेचे रसायन येथे वेगळे होते.

२०१६ मध्ये सर्न येथील ‘क्लाउड’ प्रयोगकोष्ठात आल्फा-पायनीनच्या अशा उत्पादितांपासून गंधकाम्लाविना नवे कण घडविण्यात आले. या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. मेघांवरील मानवी परिणाम मोजताना उद्योगपूर्व काळच्या आकाशाशी तुलना करावी लागते. ते आकाश समजले जात होते त्याहून अधिक कणयुक्त असेल, तर मानवनिर्मित कणांमुळे झालेल्या शीतनाचा अंदाज कमी करावा लागेल.

हा हिशेब मांडताना एक अडचण येते. वनस्पती प्रतिवर्षी सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात. हे द्रव्य हायड्रॉक्सिल मूलके खाऊन टाकते, शिवाय त्याची पेरॉक्सी मूलके टर्पीनजन्य मूलकांशी संयोग पावून त्यांची वाढ रोखतात, असे २०१९ मध्ये दाखविण्यात आले. यास्तव प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्रपणे मोजलेले कण-उत्पादन केवळ बेरजेने एकत्र करून मिश्र वनाचे उत्पादन काढता येत नाही.