गच्चीवर बांधलेलं विमान

घरी विमान बनवता येतं का? येतं, आणि ते आपल्या महाराष्ट्रात झालंय! वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी झाली २०१७ मध्ये, परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते धुळ्याहून उडालं. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं, की विमान हौशी बांधणीचं म्हणून रीतसर नोंदता येतं. आपल्याकडेही ही वाट सोपी व्हायलाच हवी.

टेंभुर्णी-केत्तूरकडच्या पोरांनो, ट्रॉली वेल्ड करणारे हात आपल्याकडे आहेतच. पण छोट्या धातूच्या विमानात पत्रा ॲल्युमिनियमचा आणि जोड बहुतेक रिव्हेटचे. प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करावी लागते, नाहीतर थरथरीने तिथूनच तडा जातो.

माणूस बसवायची घाई मात्र नको. २०२१ मध्ये यवतमाळच्या फुलसावंगीत घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पातं लागून एक तरुण गेला. फार हळहळलो होतो तेव्हा.

सुरुवात थर्माकोलच्या ग्लायडरने करा. पंख सरळ आयताकृती असेल, तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव भागावर तोल साधा. शेपूट जड झाली की नाक वर करून ते कोसळतं. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी कसे उठतात ते नीट बघा: वाऱ्याला सामोरे होऊन पाण्यावर धावतात, मगच पाय सुटतात. समोरचा वारा पंखांना आयता वेग देतो. तुमचं ग्लायडरही तसंच सोडा, पण दुपारच्या सोसाट्यात नको, सकाळी लवकर.