सचेतनपटांच्या घरगुती आवृत्त्या
सचेतनपटांच्या घरगुती आवृत्त्या : चित्रगृहांसाठी निर्माण झालेल्या जुन्या सचेतनपटांच्या, घरच्या पडद्यावर पाहण्यासाठी काढलेल्या प्रती. चित्रांची मालिका एकेक करून छायाचित्रित केल्याने ज्यात हालचालीचा आभास निर्माण होतो, तो सचेतनपट. व्यवहारात त्यास कार्टूनपट म्हणतात. ध्वनिचित्रफीत, डीव्हीडी, ब्लू-रे आणि ४के तबकडी ही अशा आवृत्त्यांची क्रमाने आलेली प्रमुख माध्यमे होत. प्रत काढताना चौकटीचा आकार व चित्राचा दर्जा या दोन बाबतींत निर्णय घ्यावे लागतात. बहुतेक प्रेक्षकांना जुना चित्रपट घरगुती प्रतीवरूनच परिचित होत असल्याने या निर्णयांना विशेष महत्त्व आहे.

चौकटीचे गुणोत्तर : चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण म्हणजे चौकटीचे गुणोत्तर. अमेरिकेत १९३२ पासून १.३७ : १ हे प्रमाण रूढ झाले. वॉल्ट डिझ्नी यांच्या कलागृहाचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ (१९३७) याच प्रमाणात आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा ४ : ३ म्हणजे १.३३ : १ असल्यामुळे असे चित्रपट त्यावर जवळजवळ पूर्ण दिसत. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धती आली व परिस्थिती पालटली. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ (१९५५) या सिनेमास्कोप सचेतनपटाचे प्रमाण २.५५ : १ आहे. त्याच्या चित्राने ४ : ३ पडद्याची उंची पूर्ण भरली, तर रुंदीचा जवळजवळ निम्मा भाग बाहेर राहतो. दोन टोकांना असलेल्या पात्रांपैकी एक तरी अशा वेळी वगळले जाते किंवा चौकट एकीकडून दुसरीकडे सरकवावी लागते. ही हालचाल चित्रकारांनी योजलेली नसते. वरखाली काळ्या पट्ट्या ठेवल्यास चित्र लहान, पण अखंड राहते. सिनेमास्कोपची सोय नसलेल्या चित्रगृहांसाठी याच चित्रपटाची अरुंद आवृत्ती स्वतंत्रपणे तयार करण्यात आली होती. चौकट बदलली की चित्ररचनाही बदलावी लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) टेक्निरामा पद्धतीने मोठ्या निगेटिव्हवर चित्रित झाला. २००८ मधील घरगुती आवृत्ती २.५५ : १ या प्रमाणात निघाली व पूर्वीच्या आवृत्त्यांत न दिसलेला कडांचा भाग तीत दिसू लागला. याउलट ‘द जंगल बुक’ (१९६७) चित्रित झाला तो उंच चौकटीत, परंतु चित्रगृहांत तो वरखालचा भाग झाकून दाखविण्यात आला. २००७ च्या डीव्हीडीत १.७५ : १ हे रुंद प्रमाण स्वीकारले आहे. उंच चौकटीत चित्रकारांनी काढलेले सर्व काही दिसते, तर रुंद चौकटीत चित्रगृहातील प्रेक्षकाने पाहिलेले दिसते. म्हणून दोन्ही प्रकारांना आधार आहे. ‘स्नो व्हाइट’सारख्या चित्रपटाला मात्र १६ : ९ पडदा भरण्यासाठी कापल्यास उंचीचा सुमारे २३ टक्के भाग निष्कारण गमवावा लागतो.

चित्राचा दर्जा : टेक्निकलर सचेतनपटांत प्रत्येक चित्र तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून लागोपाठ तीनदा कृष्णधवल फिल्मवर घेतले जाई. या तीन नोंदींतून मूळ रंग पुन्हा मिळविता येतात. १९९३ मध्ये ‘स्नो व्हाइट’ संपूर्णपणे संगणकात उतरवून, स्वच्छ करून पुन्हा फिल्मवर मुद्रित करण्यात आला. असे संस्करण झालेला तो पहिला चित्रपट मानला जातो.

स्वच्छतेलाही मर्यादा आहे. फिल्मवरील धूळ व ओरखडे हे दोष होत; कण हा मात्र फिल्मचाच गुणधर्म आहे. कण पुसणाऱ्या संगणकीय प्रक्रियेला बारीक, हलती रेषा व कण यांतील भेद नेहमीच कळत नाही. त्यामुळे रेषा तुटतात, कुंचल्याचे पोत सपाट होतात. ‘द सोर्ड इन द स्टोन’ (१९६३) याच्या २०१३ मधील ब्लू-रे आवृत्तीवर अशीच टीका झाली. ‘सिंड्रेला’ (१९५०) याच्या आधीच्या डिजिटल आवृत्त्यांतही रेषा पुसट झाल्याचा आक्षेप होता. २०२३ मध्ये मूळ निगेटिव्हवरून नवे संस्करण झाले व त्यात कण आणि रेषा पुष्कळ अंशी परत आल्या. रंगांच्या बाबतीत मूळ चित्रे उपयोगी पडतात, परंतु निर्णायक ठरत नाहीत. कारण फिल्मवर रंग कसा उतरेल, हे लक्षात घेऊनच ते निवडलेले असत.

घरगुती आवृत्तीतील दोष पुढील आवृत्तीत सुधारता येतो, तो मूळ निगेटिव्ह सुरक्षित असेल तरच. म्हणून आवृत्ती कितीही चांगली निघाली, तरी निगेटिव्हचे जतन अनावश्यक ठरत नाही.