पावसाळ्यासाठी जुनी पिकअप: दुकानातले समज आणि गाडीखालची वस्तुस्थिती

मे महिना लागला की उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. बदलापूरला फ्लॅट, वांगणी किंवा मुरबाडच्या बाजूला थोडी जमीन, आणि गेल्या पावसात छोटी गाडी पाण्यात बंद पडल्याचा राग. यंदा त्याला ‘दणकट’ काहीतरी हवं असतं. मग २०१६ साली भारतात आलेली इसुझू व्ही-क्रॉस, नाहीतर बंद झालेली टाटा झेनॉन किंवा स्कॉर्पिओ गेटअवे, आणि खिसा जड असेल तर टोयोटा हायलक्स. मीटरवर दीड लाखाच्या पुढचा आकडा. विकणारा भरवशाने बोलतो, घेणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं, आणि व्यवहार होतो तो ऐकीव गोष्टींवर.

आकड्याचंच आधी घेऊ. ‘दीड लाख झालेत म्हणजे इंजिन संपलं’ हा एक समज, आणि ‘सत्तर हजारच चालली आहे, घेऊन टाका’ हा त्याचा जुळा भाऊ. अंबरनाथहून द्रुतगती मार्गाने पुण्याला ये-जा करून दीड लाख झालेली गाडी आणि आनंदनगर एमआयडीसीतून माल भरून काटई रस्त्याच्या रांगेत अर्ध्या क्लचवर सत्तर हजार झालेली गाडी यांत दुसरीचा क्लच, पाटे आणि बुश जास्त झिजलेले असण्याचीच शक्यता मोठी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर मोकळ्या रस्त्यावर, गाडी नीट तापल्यावर स्वतःला साफ करतो. गल्लीबोळांतच फिरलेल्या गाडीत तो तुंबतो, आणि बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो. शिवाय मीटर मागे घेता येतं. त्यामुळे चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढायला सांगा. तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात. गाडी बघायला सकाळी जा आणि बोनेटला हात लावा. आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला कळू नये अशीच कुणाची तरी इच्छा आहे. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण उघडून पाहा. आतून भकाभक धूर येत असेल तर फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच.

‘फोर बाय फोर आहे, पावसाची चिंताच नको.’ या वाक्याने जितक्या गाड्या विकल्या जातात तितक्या दुसऱ्या कशाने विकल्या जात नसतील. फोर बाय फोर चिखलातून गाडी बाहेर काढायला मदत करतं; गाडी थांबवायला ते काडीचीही मदत करत नाही. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर सगळा भरवसा रबराच्या चार तळव्यांवर असतो. त्यातून या पिकअपमधली फोर बाय फोर यंत्रणा बहुधा गरजेपुरती जोडायची असते. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती जोडून वळणं घेतली तर यंत्रणेवर ताण येतो आणि भाग तुटतात. कित्येक जुन्या गाड्यांत ती वर्षानुवर्षं वापरलेलीच नसते, आणि बटण फिरवल्यावर मीटरवर नुसता दिवा लुकलुकत राहतो. व्यवहाराआधी मातीच्या मैदानात नेऊन हाय आणि लो दोन्ही जोडून पाहा.

ताकदीचंही तसंच. पहिल्या व्ही-क्रॉसचं इंजिन अडीच लिटरचं, १३४ अश्वशक्तीचं. झेनॉनचं २.२ लिटरचं इंजिन सफारीच्या घराण्यातलं, म्हणून त्याचे सुटे भाग अजून मिळवता येतात. कागदावर हे सगळं छान. पण पिकअपचा हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी पडते, पाटे मात्र मालाचं वजन पेलायच्या हिशेबाने कडक ठेवलेले असतात. ओल्या उतारावरच्या वळणावर जोर दिला की शेपूट बाहेर निघते. वरून कुणी जादा ताकदीसाठी चिप बसवलेली असेल तर टर्बो आणि क्लच दोघांचं आयुष्य त्याने आधीच खर्चून ठेवलंय. रुंद टायर लावल्याने पावसात पकड वाढते, हाही भ्रम. रुंद टायरला पाणी बाजूला सारणं उलट जड जातं, आणि साचलेल्या पाण्यावर वेगात तो लवकर तरंगू लागतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की कायद्यानेच तो बाद. गोटा झालेल्या टायरवर पॉलिश मारून ठेवतात, ते वेगळंच.

आता पाणी. आपल्या भागात हा विषय गप्पांचा नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही सालांच्या जुलैत उल्हास नदी बदलापुरात शिरली. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उंच गाडीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. हायलक्सची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ७०० मिलिमीटर सांगते, पण ती संथ पाण्यासाठी, हळू वेगासाठी. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की दोन फूट वाहतं पाणी एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकतं. वालधुनी नदीला पूर आला की पुलावर नेमकं किती पाणी आहे हे गाडीत बसून कुणालाही कळत नाही.

स्नॉर्केल लावलंय म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी: ते फक्त इंजिनच्या श्वासाची सोय करतं, तीही सगळे जोड हवाबंद असतील तरच. खरी मेख मागच्या एक्सलमध्ये असते. चालून तापलेला एक्सल अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते. तिला वाट करून देणारा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून घेण्याआधी डिफरन्शियलचा नट सोडून थोडं ऑइल काढायला लावा. दुधी दिसलं तर गाडी पाण्यातून गेली आहे आणि मालकाने नंतर कुणाला दाखवलेली नाही.

बुडालेली गाडी ओळखणं अवघड नाही, फक्त घाई नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; टोकाकडच्या भागावर मातीची रेघ सहसा राहतेच. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट थर, हेडलाइटच्या आत धुकं, आणि या सगळ्यावर फवारलेला भरपूर सुगंध. ‘एमएच-०५ पासिंग आहे, म्हणजे आपल्याकडचीच’ या समाधानाला अर्थ नाही. कल्याणचं पासिंग असलेली गाडी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी होती की टेकडीवर, हे नंबर प्लेट सांगत नाही.

कागदांत दोन समज घट्ट बसलेत. पहिला, पिवळ्या पाटीच्या पिकअपला वेगळं लायसन लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचं माल वाहतुकीचं वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं. मात्र अशा गाडीला फिटनेस लागतो: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. हौद्यात माणसं बसवता येत नाहीत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

दुसरा समज, ‘विमा चालू आहे, आरसी नावावर झाली की झालं’. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा स्टार्टर मारून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत. टोचन लावून गाडी गॅरेजला न्यायची, आणि त्याआधी बॅटरीची तार काढायची. इंजिन संरक्षणाचं जादा कलम जुन्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून त्याचा भाव टोकन देण्याआधी विचारा.