बार्नार्ड ताऱ्याचे ग्रह

भुजंगधारी तारकासमूहातील बार्नार्ड ताऱ्याभोवती फिरणारे चार लहान ग्रह. हा तारा सूर्यापासून सु. ६ प्रकाशवर्षे दूर असून एकेरी ताऱ्यांपैकी तो सूर्याला सर्वांत जवळचा आहे. त्याची भासमान प्रत ९·५ असल्याने तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. एडवर्ड एमर्सन बार्नार्ड या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १९१६ मध्ये त्याची निजगती शोधून काढली. ती वर्षाला सु. १०·३ विकला (१ विकला = १/३,६०० अंश) असून ज्ञात ताऱ्यांमध्ये सर्वाधिक आहे.

ग्रह व तारा सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. त्यामुळे ताऱ्याचा आकाशातील मार्ग किंचित नागमोडी होतो. पीटर व्हान दे काम्प यांनी अमेरिकेतील स्प्राउल वेधशाळेत प्रामुख्याने १९३८ पासून घेतलेल्या छायाचित्रांवरून, या ताऱ्याला गुरूच्या सु. १·६ पट वस्तुमानाचा व सु. २४ वर्षे आवर्तकालाचा ग्रह असल्याचे १९६३ मध्ये जाहीर केले. छायाचित्रांच्या काचेवर हे विचलन सु. १/१,००० मिमी. इतकेच होते. १९७३ मध्ये जॉर्ज गेटवुड व हाइनरिख आयकहॉर्न यांना अन्य वेधशाळांच्या छायाचित्रांत ते आढळले नाही. स्प्राउलच्या छायाचित्रांत दुसऱ्या ताऱ्याचेही तसेच विचलन होते व त्याचा काळ दूरदर्शकाच्या भिंगातील फेरफारांशी जुळतो, असे जॉन हर्शी यांनी त्याच वर्षी दाखविले. म्हणजे दोष उपकरणाचा होता. व्हान दे काम्प यांनी मात्र अखेरपर्यंत (१९९५) आपले मत सोडले नाही.

दुसऱ्या पद्धतीत वर्णपटरेषांच्या स्थानांतरणावरून (डॉप्लर परिणाम) ताऱ्याचा दृष्टिरेषेतील वेग मोजतात. या पद्धतीने २०१८ मध्ये सु. २३३ दिवस आवर्तकालाचा ग्रह सुचविण्यात आला. परंतु तो भास ताऱ्याच्या पृष्ठावरील घडामोडींमुळे झाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. २०२४ मध्ये चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’च्या साहाय्याने ३·१५ दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह सापडला. त्याच्यामुळे ताऱ्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला सु. अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याहूनही मंद आहे. २०२५ मध्ये हवाईतील जेमिनी नॉर्थ दूरदर्शकाच्या स्वतंत्र वेधांनी त्याला पुष्टी मिळाली व एकूण चार ग्रह निश्चित झाले. प्रत्येकाचे किमान वस्तुमान पृथ्वीच्या एकतृतीयांशाच्या आसपास वा त्याहून कमी असून आवर्तकाल सात दिवसांच्या आत आहेत. ताऱ्याच्या इतक्या निकट असल्याने ते जीवसृष्टीस फार उष्ण आहेत. वेध भिन्न उपकरणांनी पडताळल्यावाचून ग्रहाचे अस्तित्व सिद्ध मानता येत नाही, हे या ताऱ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.