दहावीनंतर सौरऊर्जेकडे

परतवाड्याच्या आसपासच्या संत्राबागांत सौरपंप आले, घरांच्या स्लॅबवर पॅनेल चढले. ते बसवणारे आणि दुरुस्त करणारे हात गावातच तयार व्हायला हवेत.

आयटीआय : ‘सोलर टेक्निशियन’ हा एक वर्षाचा ट्रेड. दहावी उत्तीर्ण हवे.

सूर्यमित्र : राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचे २०१५ पासूनचे ६०० तासांचे मोफत प्रशिक्षण. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर झालेल्यांना उपयोगी.

पॉलिटेक्निक : दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा. बारावी विज्ञानवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते.

शाळेतच पक्के करा : परतवाडा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण तेवढाच. दोन मीटर लांबीचे पॅनेल २१ अंशांत कलले, की वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ७२ सेंटिमीटर उंच येते. ही दहावीचीच त्रिकोणमिती! एकसर जोडणीत व्होल्टेज वाढते, समांतर जोडणीत विद्युतधारा, हेही पुस्तकातलेच.

मागणी कशामुळे : २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे लक्ष्य एक कोटी घरे, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के.

पहिला धडा सुरक्षेचा : मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच. हातमोजे आणि सेफ्टी बेल्टशिवाय छतावर चढू नका.