हापूसचा मोहोर, झाडाचे हार्मोन आणि कोळंबीचे टरफल

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या आंबा बागायतदाराला 'कल्टार' हे नाव काही नवीन नाही. पण ते झाडात जाऊन नक्की करते काय, असे विचारले तर बरेच जण 'मोहोर आणते' एवढेच सांगतात. आज हाच विषय सोपा करून समजून घेऊया.

झाडाची वाढ हार्मोन, म्हणजे संप्रेरके ठरवतात. त्यातले एक जिबरेलिन. 1926 मध्ये जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की एका बुरशीच्या स्रावामुळे भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढतात आणि आडवी होतात. त्या स्रावातूनच पुढे जिबरेलिन सापडले. झाडात ते जास्त असले की नुसती पालवी फुटत राहते, मोहोर मागे पडतो.

कल्टारमधला पॅक्लोब्युट्राझोल हा घटक झाडात जिबरेलिन तयार होणेच कमी करतो. म्हणून आपल्याकडे तो साधारण 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान मुळांपाशी देतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मात्रा आहे झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला, दर मीटरमागे 3 मिली. म्हणजे 6 मीटर विस्ताराच्या कलमाला 18 मिली, पाण्यात मिसळून.

आता गंमत पाहा. थंडी लांबली की फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक फळे गळतात. तो पुनर्मोहोर रोखायला विद्यापीठ जिबरेलिक आम्लाचीच फवारणी सांगते, 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. पावसाळ्यात जे कमी करायचे, तेच हिवाळ्यात वरून द्यायचे! म्हणजे हार्मोनच्या बाबतीत वेळ आणि प्रमाण, सगळा खेळ या दोन गोष्टींचा आहे.

अडचण इथेच येते. पाण्यात कालवलेले जिबरेलिक आम्ल फार टिकत नाही. ऊन आणि उष्णतेने त्याची ताकद उतरते, काही थेंब पानावरून ओघळून जातात. मग पुन्हा फवारणी, पुन्हा मजुरी.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय म्हणजे हार्मोन अतिसूक्ष्म आवरणात बंद करून देणे. फालुद्यातला सब्जा आठवा: आत बी, भोवती जेलीचे कवच. तसेच हे, पण केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. कवचातून हार्मोन हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे थोडे दिले तरी जास्त वेळ पुरते.

हे कवच कशाचे? बऱ्याचदा कायटोसॅन आणि अल्जिनेटचे. कायटोसॅन मिळते कोळंबी-कुर्ल्यांच्या टरफलांतून, अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून. आपल्या बंदरावर टरफले सोलून फेकली जातात, तोच हा कच्चा माल! ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी अशा कवचातले जिबरेलिक आम्ल घेवड्याच्या आणि टोमॅटोच्या बियांवर वापरून पाहिले आहे.

पण घाई नको. हे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि लहान रोपांवर आहे. वीस-तीस वर्षांच्या हापूस कलमाची गोष्ट वेगळी. तेव्हा बाटलीवर 'नॅनो' छापले म्हणून पैसे मोजू नका. जिबरेलिक आम्ल आणि पॅक्लोब्युट्राझोल दोन्ही 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि टक्केवारी आहे का ते वाचा, पक्के बिल घ्या.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. आपल्यातली कितीतरी घरची माणसे आखातात किंवा मुंबईत, आणि बाग कराराने दिलेली. करार एक-दोन वर्षांचा, कलम मात्र आजोबांनी लावलेले. जास्त मोहोराच्या हावेने मात्रा वाढवली तर पालवी आखूड होते, मोहोराचे तुरे गच्च येतात आणि औषध मातीत पुढच्या हंगामातही उरते. कंत्राटदार निघून जातो, नुकसान झाड भोगते.

म्हणून यंदाच्या करारात दोन ओळी लिहून घ्या: कोणते संजीवक, किती मिली, कोणत्या तारखेला दिले याची लेखी नोंद मालकाला मिळेल आणि विद्यापीठाच्या मात्रेपेक्षा जास्त दिले जाणार नाही. शंका असली तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात जाऊन विचारा.