सॅन क्वेंटिनचा वर्ग आणि मिनिटाला 3 सेंट

1994 साली अमेरिकेने कैद्यांच्या शिक्षणाचा पैसा तोडला. गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजच्या फीसाठी मिळणारं ‘पेल ग्रँट’ हे सरकारी अनुदान तोवर कैद्यांनाही मिळे. त्यांच्यावरचा खर्च एकूण अनुदानाच्या 1 टक्क्याहूनही कमी होता. तरी गुन्हेगारीविरोधी कायद्यात ते बंद झालं, क्लिंटन यांनी सही केली, आणि तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग एकामागून एक ओस पडले. इंटरनेट घरोघरी पोचलं ते नेमकं त्यापुढच्या वर्षांत. लांब शिक्षा भोगून सुटलेला माणूस बाहेर यायचा तेव्हा नोकरीचा साधा अर्जही संगणकावर गेलेला असायचा.

कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात 2010 मध्ये ख्रिस रेडलिट्झ आणि बेव्हर्ली पॅरेन्टी या गुंतवणूकदार दाम्पत्याने ‘द लास्ट माइल’ हा कैद्यांसाठीचा प्रशिक्षण उपक्रम सुरू केला. 2014 मध्ये तिथे कोडिंगचा वर्ग भरला. इंटरनेटला मात्र सक्त मनाई. जावास्क्रिप्ट शिकायचं, वेबसाइट बांधायची, पण गूगलवर काही शोधायची सोय नाही. जे काही साहित्य असेल ते आतच साठवलेलं. एखादा कंस बंद करायचा राहिला आणि पडद्यावर कोरं पान आलं, तर शेजारच्याला विचारायचं आणि ओळ न् ओळ पुन्हा तपासायची. वर्ग सुटला की संगणक तिथेच ठेवून कोठडीत परतायचं. बाहेरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे जाचक वाटेल, पण अशा वर्गात शिकलेली माणसं सुटल्यावर सॉफ्टवेअरच्या नोकरीत रुजू झाली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

2013 मध्ये रँड या संशोधन संस्थेने तुरुंगातल्या शिक्षणावरच्या तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. शिक्षण घेतलेल्यांपैकी पुन्हा तुरुंगात येणारे, न शिकलेल्यांच्या तुलनेत, दर शंभरामागे 13 ने कमी होते. संगणकावर शिकलेले आणि शिक्षकासमोर बसून शिकलेले यांच्या वाचन-गणितात मात्र ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे यंत्राने शिकता येतं. पण यंत्र आलं म्हणून मास्तर काढून टाकावा, असं यातून निघत नाही.

आणि इथेच धंदा शिरला. टॅब्लेट तुरुंगात आले ते बहुतेक खासगी कंपन्यांमार्फत, अनेकदा ‘फुकट’. फुकट म्हणजे काय, ते 2019 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कळलं. जीटीएल कंपनीच्या टॅब्लेटवर वाचनाचे पैसे मिनिटावर लागत होते: मूळ दर 5 सेंट, सवलतीचा 3. वाचायची ती पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गची, म्हणजे बाहेर कुणालाही मोफत मिळणारी. सवलतीच्या दरानेही तासाभराचं वाचन 1 डॉलर 80 सेंटला पडे. तिथल्या तुरुंगातली मजुरी मात्र तासाला डॉलरभरही नव्हती. ज्याला अक्षरं जुळवत सावकाश वाचावं लागतं, त्याचं बिल सर्वांत जास्त. ही उघड लूट होती, दुसरा शब्द नाही.

ओबामांच्या काळात, 2015 मध्ये, पेल ग्रँट प्रायोगिक तत्त्वावर परत आली. डिसेंबर 2020 मध्ये कायदा बदलला आणि 1 जुलै 2023 पासून ती कैद्यांना पुन्हा खुली झाली. जवळजवळ तीस वर्षं गेली. नव्या कायद्यात एक चांगली अट आहे: कैद्यांना या पैशावर शिकवण्याची मुभा फक्त सार्वजनिक किंवा ना-नफा कॉलेजांना. ही अट टॅब्लेट पुरवणाऱ्या कंपन्यांना लागू नाही. ती त्यांनाही लागू व्हायला हवी.